धरायचं घट्ट, सोडायचं हळू: उपग्रहावरच्या कमी धक्क्याच्या यंत्रणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातल्या शाळा-कॉलेजांत मी अधूनमधून उपग्रहांच्या यंत्ररचनेवर बोलायला जातो. भाषण संपतं, चहा होतो, आणि घरी पोचेपर्यंत मोबाईलवर प्रश्न यायला लागलेले असतात. जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा, चोपडा, कुठूनही येतात, आणि गंमत म्हणजे बरेचसे तेच ते असतात. म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवतो. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच आहे, मी फक्त शुद्धलेखन सावरलंय.

१. सर, उपग्रहात पकडून ठेवणारी आणि सोडणारी यंत्रणा म्हणजे नक्की काय?

निरगाठ आणि सुरगाठ यातला फरक आजीने शिकवला असेल. निरगाठ ओढली की घट्ट होते, सुरगाठ एका टोकाला ओढली की सुटते. उपग्रहाला दोन्ही हव्या असतात, त्याही एकाच जागी. उड्डाणाच्या वेळी निरगाठ, आणि कक्षेत पोचल्यावर विजेच्या एका इशाऱ्यावर तिचीच सुरगाठ.

घडी घातलेले सौर पंख, मिटलेली अँटेना, कॅमेऱ्याचं झाकण, रोव्हर उतरायची उतरंड, सगळं असंच बांधलेलं असतं. खुद्द उपग्रहही रॉकेटला असाच बांधलेला असतो. चंद्रयान-३ चं लँडर १७ ऑगस्ट २०२३ ला प्रणोदन मॉड्यूलपासून सुटलं, तीही अशीच एक गाठ. गाठ मारणारा माणूस जमिनीवर राहतो आणि सोडायला वर कुणी जात नाही. सगळी अडचण इथून सुरू होते.

२. पण वर वजनच नसतं, मग इतकं आवळून कशाला बांधायचं?

हा प्रश्न भुसावळच्या एका काकांचा. रेल्वेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना उत्तर रेल्वेतूनच दिलं.

वजन वर नसतं, पण वर जाईपर्यंतचा प्रवास असतो. इंजिनांची थरथर, आवाजाचा मारा, टप्पे सुटतानाचे हिसके. जुन्या डब्यांचं स्क्रू कपलिंग फिरवून इतकं आवळायचे की बफर एकमेकांवर दाबलेले राहायचे. सैल राहिलं तर गाडी सुटताना प्रत्येक डबा पुढच्यावर आदळणार. उपग्रहात तेच होतं. पंख आणि त्याच्या बैठकीत कागदाएवढी फट पडली तरी थरथरीत ते एकमेकांवर हातोडीसारखे वाजत राहतात. म्हणून बोल्ट आधीच ताणून ठेवतात. याला प्रीलोड म्हणतात. बाहेरून येणारा जोर या ताणापेक्षा कमी राहिला पाहिजे, म्हणजे फट पडतच नाही.

हा ताण लक्षात ठेवा. पाचव्या प्रश्नात सगळं नाटक याच्यावरच आहे.

३. ‘धक्का’ म्हणजे थरथरच ना? वेगळा शब्द कशाला?

नाही. थरथर मिनिटभर चालते, धक्का डोळ्याची पापणी हलायच्या आत संपतो. स्फोटाने बोल्ट तोडून सोडण्याचा धक्का साधारण २० मिलिसेकंदांत विरतो. पण तेवढ्यात जवळच्या धातूला हजारो जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट) इतकं त्वरण मिळतं, आणि त्याची वारंवारता १०० हर्ट्झपासून १०,००० हर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही वर जाते. अंतर मात्र काहीच कापलं जात नाही, केसाच्या जाडीहून कमी.

म्हणूनच तो फसवा आहे. मजबूत चौकट त्याला दाद देत नाही, मोडतात त्या बारीक आणि ठिसूळ गोष्टी: रिलेचे संपर्क, घड्याळाचा क्वार्ट्झ स्फटिक, सिरॅमिकचे कपॅसिटर, सोल्डरचे सांधे, फिरत्या चाकांचे बेअरिंग. मोठा ट्रक गेला तर भिंत हलते, पण काही फुटत नाही. काचेच्या कडेवर नखाएवढ्या खड्याने टिचकी मारली की काच जाते. हा दुसरा प्रकार.

लांबीने आणि सांध्यांनी धक्का उतरत जातो. त्यामुळे नाजूक पेटी सुटणाऱ्या बोल्टपासून दूर आणि मध्ये चार सांधे येतील अशी बसवणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

४. भो, स्फोटक बोल्टमध्ये एवढं वाईट काय आहे? इतकी वर्षं चाललेच ना?

चालले आणि अजूनही चालतात. निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला. त्याची १२ मीटरची जाळीदार अँटेना १५ ऑगस्टला उघडली, तेव्हा तिला धरून ठेवणारे छोटे स्फोटक बोल्टच उडवले होते. स्फोटकाला ‘जुनाट’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ते हलकं असतं, मिलिसेकंदांत काम करतं, थोडक्या विजेत पेटतं आणि मोठा जोर धरू शकतं.

त्रास वेगळे आहेत. पहिला धक्क्याचा. दुसरा, जो बोल्ट तपासायला उडवला तो गेला. वर जाणारा बोल्ट कधीच तपासलेला नसतो, त्याच खेपेतले त्याचे भाऊ तपासलेले असतात. तिसरा त्रास कागदपत्रांचा: साठवण, वाहतूक, परवाने, हाताळणाऱ्यांचं प्रशिक्षण. कॉलेजच्या चमूने या वाटेला जाऊच नये, आणि कुणी ‘घरगुती’ करायचं म्हणत असेल तर मला पुढचा मेसेज पाठवू नये.

५. म्हणजे स्फोटक काढलं की धक्का गेला?

इथेच सगळे फसतात, मीही फसलो होतो.

जिनिंगमध्ये जाऊन या. रुई दाबून केलेली गाठ सुमारे १७० किलोची असते आणि तिच्याभोवती पट्ट्या आवळलेल्या असतात. पट्टी कापणारा माणूस पाहा. तो कधी पट्टीच्या समोर उभा राहत नाही, एका अंगाला राहतो, चेहरा वळवतो आणि मगच कात्री लावतो. कात्रीत स्फोटाची दारू नसते. तरी पट्टी फटकन उडते आणि गाठ फुगते. तो जोर कात्रीचा नाही, दाबताना आत भरलेला आहे.

बोल्टचंही तसंच. हिशेब करू. ८ मिलिमीटरचा पोलादी बोल्ट, ६० मिलिमीटर लांबी, २० किलोन्यूटनचा ताण, म्हणजे दोन टन. तो साधारण ०.१६ मिलिमीटर लांबतो. अर्धा गुणिले ताण गुणिले ही वाढलेली लांबी धरलं की आत साठलेली ऊर्जा येते १.६ ज्यूल. क्रिकेटचा चेंडू कमरेएवढ्या उंचीवरून पडावा इतकीच.

पण ही ऊर्जा किती वेळात बाहेर पडते ते बघा. १०० मायक्रोसेकंदांत सुटली तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती १६ किलोवॉट, म्हणजे विहिरीवरच्या ५ एचपीच्या चार मोटारींहून जास्त. तीच ऊर्जा ५० मिलिसेकंदांत सोडली तर ३२ वॉट, एका बारक्या दिव्याएवढी. ऊर्जा तीच, बोल्ट तोच.

तेव्हा बिनस्फोटक म्हणजे बिनधक्का नव्हे. बिनस्फोटक पण झटक्यात तुटणारा बोल्ट साठलेला ताण झटक्यातच सोडतो. ‘कमी धक्क्याची’ यंत्रणा ती, जी हा ताण पसरून सोडते किंवा दुसऱ्या कामाला लावते. काही नटांचे आटे इतके तिरपे असतात की अडकवण काढली की ताणलेला बोल्टच नट आणि त्याच्यासोबतचं जड चाक गरगर फिरवतो. भोवऱ्याच्या दोरीसारखं. ताणातली ऊर्जा चाकाच्या फिरण्यात जाते, सांगाड्यात जात नाही. मला या सगळ्या प्रकारात हाच सर्वांत देखणा वाटतो.

६. बिनस्फोटक प्रकार कोणकोणते? थोडक्यात सांगा.

थोडक्यात जमणार नाही, पण प्रयत्न करतो.

सगळ्यात जास्त वापरात दिसतं ते दुभंगलेलं रीळ. शिवणयंत्राची बॉबिन उभी चिरून दोन फाका केल्यात असं समजा. त्या फाका एकत्र धरल्या तर बोल्टचं डोकं आत अडकतं. फाकांभोवती तार गुंडाळलेली, आणि तारेचं शेवटचं टोक एका बारीक फ्यूजने धरलेलं. फ्यूजमधून करंट गेला की तो जळतो, तार उलगडते, फाका बाजूला होतात, बोल्ट निसटतो. दोन टनांचा जोर धरणारी गोष्ट शेवटी केसाएवढ्या तारेवर अवलंबून आहे, कारण प्रत्येक वेढ्याच्या घर्षणाने जोर कमी होत होत टोकापर्यंत किरकोळच उरतो. बैलाचा कासरा खुंट्याला चार वेढे देऊन एका हाताने धरणाऱ्याला हे गणित शिकवावं लागत नाही.

दुसरा नायटिनॉलचा. निकेल आणि टायटॅनियम जवळपास सारख्या अणुसंख्येने मिसळलेला, आपला आकार आठवणारा धातू. थंडपणी दाबून आखूड केलेली नळी बोल्टवर चढवतात. तापवली की ती मूळ लांबीकडे परत जाते आणि मध्ये खाच घेतलेला बोल्ट ताणून तोडते. १९९४ च्या क्लेमेंटाईन चंद्रयानावर हे वापरलं होतं. दारू नाही, धूर नाही, पण बोल्ट तुटतोच, त्यामुळे पाचव्या प्रश्नातलं सगळं इथेही लागू.

तिसरा मेणाचा. मेण वितळताना साधारण १० ते १५ टक्के फुगतं. खात्री करायची तर वितळलेल्या मेणात मेणबत्तीचा तुकडा टाका, तो बुडेल. ट्रॅक्टरच्या इंजिनातला थर्मोस्टॅट यावरच उघडतो. बंद डबीत मेण तापवलं की दांडा बाहेर ढकलला जातो आणि खीळ ओढली जाते. जूतली शिवळ काढली की बैल मोकळा, तसं. काम अगदी सावकाश, काही मिनिटंसुद्धा लागतात, पण धक्का जवळपास नाहीच, आणि थंड झालं की परत वापरता येतं.

चौथा तापलेल्या सुरीचा. केव्हलारची दोरी ताणून बांधायची आणि तापलेल्या सिरॅमिकच्या पात्याने हळूहळू कापायची. धागे एकेक करून तुटतात, त्यामुळे ताण पायरी-पायरीने उतरतो. याचाच गरीब भाऊ म्हणजे विजेने तापणारी निक्रोमची (निकेल-क्रोमियमची) तार, तो नवव्या प्रश्नात.

७. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नायटिनॉल इथेच सुटलं तर?

यावलहून आलेला प्रश्न, आणि मला फार आवडलेला. नायटिनॉल कोणत्या तापमानाला जागं होतं हे निकेलच्या प्रमाणावर ठरतं. प्रमाण किंचित हललं तरी तापमान बरंच सरकतं. शरीरात बसवायच्या जाळ्या अंगाच्या उष्णतेला फुलतील अशा करतात, सोडण्याच्या यंत्रणेसाठी मुद्दाम वरच्या टोकाचं मिश्रण घेतात. आपला उन्हाळा त्याला जागवायला पुरत नाही.

पण बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि अवकाशात उन्हात असलेला भाग जळगावपेक्षा कितीतरी जास्त तापतो, तेव्हा उपग्रहाच्या त्या कोपऱ्याचं तापमान कुठवर जातं ते आधी काढा, मग प्रकार निवडा. मेणालाही हेच लागू.

८. उपग्रह रॉकेटपासून सुटतो तो कसा?

मोठा असेल तर बहुधा पट्ट्याने. उपग्रहाच्या आणि रॉकेटच्या कडा एकमेकींवर ठेवायच्या, त्यांवर पाचरीसारखे खोबणीचे तुकडे बसवायचे आणि बाहेरून धातूचा पट्टा आवळायचा. पट्ट्याचे बोल्ट सुटले की पाचरी बाहेर उडतात आणि स्प्रिंगा उपग्रहाला हलकेच ढकलतात. याला मार्मन क्लॅम्प म्हणतात. हे नाव हॉलिवूडच्या मार्क्स बंधूंपैकी झेप्पोच्या कंपनीवरून आलंय. पडद्यावर विनोद केलेल्या माणसाच्या कंपनीचं हे काम आज जगभरच्या रॉकेटांवर आहे.

लहान उपग्रहांसाठी इस्रोकडे बॉल लॉक आहे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या नळीचा कपलर आठवा: बाहेरची कडी सरकवली की आतल्या गोळ्या मागे जातात आणि नळी सुटते. तत्त्व तेच.

अगदी छोटे उपग्रह, म्हणजे क्यूबसॅट, पेटीतच असतात. दार उघडलं की मागची स्प्रिंग बाहेर ढकलते. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्ही-सी३७ ने १०४ उपग्रह सोडले, त्यातले बहुतेक असेच पेट्यांतून गेले.

९. आमच्या क्यूबसॅटची अँटेना बांधायला काय वापरू? बजेट नाही.

निक्रोमची तार आणि दोरी. दुसरं काही बघू नका.

आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलमध्ये केलेला प्रयोग सांगतो. पाव मिलिमीटर जाडीची निक्रोम तार, पाच सेंटिमीटर. रोध सुमारे १.१ ओहम. १.६ अँपिअर सोडला की जेमतेम ३ वॉट. दोरी म्हणून तापीकाठच्या बाजारातून आणलेली मासेमारीची नायलॉन. पहिल्या दिवशी झकास, चार सेकंदांत तुटली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून रात्रीच बांधून ठेवली. सकाळी अँटेनेची पट्टी बोटाने हलवली तर खुळखुळ वाजते. दोरी तुटली नव्हती, रात्रभरात लांबली होती. नायलॉन सतत ताणाखाली हळूहळू सैल पडतं, आणि पत्र्याखालच्या उकाड्यात तर जास्तच. पाहुण्यांसमोर काय झालं ते विचारू नका.

उपग्रह बांधल्यापासून उडेपर्यंत महिने जातात. तेव्हा नायलॉन नको. डायनिमा नावाची दोरी मजबूत आहे आणि १५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून सहज कापली जाते, पण तीही थोडी सैल पडते. व्हेक्ट्रन जवळपास लांबत नाही, मात्र तिला तार बरीच जास्त तापवावी लागते. लहान अँटेनेला डायनिमा आणि मागे छोटी स्प्रिंग, म्हणजे दोरी लांबली तरी ताण टिकतो. माझं मत हे.

१०. टेबलावर दहा वेळा चाललं. आता पास समजायचं?

नाही. टेबलावर हवा असते आणि हवा तार थंड करते. पोकळीत ती मदत नाही, त्याच करंटला तार कितीतरी जास्त तापते. दोरी लवकर तुटते हे चांगलं, पण दोरी तुटायच्या आधी तारच वितळली तर संपलं. उलट बाजूने, उपग्रह सावलीत गारठलेला आणि बॅटरी दमलेली असेल तर करंटच कमी मिळेल. म्हणून निर्वात पेटीत, सर्वांत थंड आणि सर्वांत गरम, दोन्ही टोकांना करून पाहा. करंट कायम ठेवणारं सर्किट लावा, नुसता बॅटरीला जोडू नका.

११. एकाऐवजी दोन लावले तर भरवसा दुप्पट ना?

कशाला दोन, यावर आहे. एकाच दोरीवर दोन तारा, वेगवेगळ्या सर्किटवर: होय, कुठलीही एक चालली तरी दोरी तुटते. पंख धरायला एकाऐवजी दोन बोल्ट: उलट भरवसा घटला, कारण आता दोन्ही सुटावेच लागतात.

जेम्स वेब दुर्बिणीच्या सूर्यछत्रीचे पडदे १०७ ठिकाणी धरलेले होते आणि सगळे सुटणं भाग होतं. प्रत्येक जागा हजारात ९९९ वेळा सुटते असं धरलं तर १०७ जागा एकत्र सुटण्याची शक्यता फक्त ९० टक्के येते. एवढ्यावर कुणी दुर्बीण पाठवणार नाही. म्हणजे प्रत्येक जागा त्याहून कितीतरी पटींनी खात्रीची करावी लागली. सगळ्या सुटल्या.

१२. आणि नाहीच सुटलं तर?

तर बहुतेक वेळा काही करता येत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही-सी३९ चं उष्णताकवच वेगळं झालं नाही आणि आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह आतच अडकून राहिला. बाकी रॉकेट ठीक होतं.

गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी होती, १८ काड्यांची. एप्रिल १९९१ मध्ये उघडायला घेतली तर काही काड्या सुटल्याच नाहीत. उड्डाण लांबल्यामुळे ती ट्रकमधून अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली-आणली होती, त्या हादऱ्यांत खिळ्यांवरचं कोरडं वंगण घासून गेलं असा निष्कर्ष निघाला. पोकळीत नागडा धातू धातूला चिकटतो. धुळे-जळगाव रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्याला हादऱ्यांचं वेगळं सांगायला नको. छोट्या अँटेनेवर मोहीम निभावली गेली, पण डेटा ठिबकच येत राहिला.

सुखाचा शेवट गुरूकडेच निघालेल्या ज्यूस यानाचा. त्याची १६ मीटरची रडार अँटेना एप्रिल २०२३ मध्ये एका खिळीने अडवली. यान सूर्याकडे वळवून तापवून पाहिलं. शेवटी १२ मे रोजी त्याच अडलेल्या कंसातली एक बिनस्फोटक सोडयंत्रणा मुद्दाम उडवली आणि तिच्या धक्क्याने खीळ काही मिलिमीटर हलली. जो धक्का कमी करायला माणसं आयुष्य घालवतात, त्यातला उरलासुरला धक्काच कामी आला.

१३. धक्का मोबाईलने मोजता येईल का? ॲप आहे.

नाही. मोबाईलचा सेन्सर ८ किंवा १६ जीच्या वर गप्प होतो आणि सेकंदाला काही शेच नोंदी घेतो. तिसऱ्या प्रश्नातले आकडे बघा. मोबाईलवर जे दिसेल ते धक्क्यानंतर टेबल हललं त्याचं चित्र असेल. पिझो सेन्सर आणि सेकंदाला किमान लाखभर नोंदी घेणारं यंत्र लागतं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कंपन प्रयोगशाळेत विचारा, बरेचदा कपाटात धूळ खात असतं.

१४. मग सगळंच मेणासारखं सावकाश सोडू या की?

एकाच जागी धरलं असेल तर खुशाल. चार जागी असेल तर चारही एकदम सुटायला हव्यात. तीन सुटल्या, चौथी अर्ध्या मिनिटाने, तर स्प्रिंगा त्या एका कोपऱ्याभोवती उपग्रह कलवतात आणि तो गिरक्या घेत जातो. खाटेचा एक पाय उशिरा उचलला तर काय होतं ते बघा. म्हणून रॉकेटपासून सुटताना वेगवान प्रकार, आणि पुढे निवांत उघडायच्या अँटेनेला सावकाश प्रकार, असं वाटून घेतात.

१५. चुकून जमिनीवरच सुटलं तर?

स्फोटक प्रकारात पेटवणीला पाच मिनिटं १ अँपिअर आणि १ वॉट दिला तरी पेटू नये, असा दंडक असतो. वर दोन वेगळे इशारे: आधी सज्ज, मग सोड. तुमच्या क्यूबसॅटमध्ये किमान एवढं करा: पेटीतून बाहेर पडल्यावरच दाबमुक्त होणारं बटण, त्यानंतर टायमर, आणि जमिनीवर लाल फीत लावलेली पिन. फीत लांब ठेवा, विसरायला होत नाही.

१६. सर, शेवटचं. दोरीला गाठ कोणती मारायची?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा येतो आणि सगळ्यात आधी यायला हवा. डायनिमा गुळगुळीत असते, साधी निरगाठ तिच्यात सरकते. पहिला पेच दोनदा वळवून घ्या, सर्जन टाक्याला घेतात तसा, वर दोन उलटसुलट पेच, आणि त्यावर इपॉक्सीचा एक थेंब. गाठीपाशी दोरीची ताकद बरीच घटते, तेव्हा हिशेबात निम्मीच धरा. गाठ तारेपासून लांब आणि भोकाच्या अशा बाजूला ठेवा की दोरी तुटल्यावर मोकळं टोक भोकातून सरळ निघेल, गाठ भोकात अडकणार नाही. इपॉक्सी वाळल्यावर लोंबणारं शेपूट कापून टाका. आमचं एकदा त्याच शेपटात अडकलं होतं.